बालवाटिकेतलं, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातलं, मूल पहिलीसाठी तयार आहे का, हे ठरवायला कोणती चाचणी घ्यावी?

ताई, तुमच्या मुख्याध्यापकांना लेखी पेपर हवाय आणि तुम्ही तयार तपासणी-यादी शोधताय. पेपर मुळीच घेऊ नका. पाच वर्षांच्या मुलाकडून अक्षरं काढून घेतली, तर घरी त्याच्याकडून किती गिरवून घेतात एवढंच कळतं.

आपल्या बडोद्यात मराठी घरांतल्या मुलांवर तर यात सरळ अन्याय होतो. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. अशाच एका मुलीच्या कार्डावर शेरा होता: ‘बोलत नाही, सूचना पाळत नाही, अंकज्ञान नाही, एक वर्ष थांबवावे.’ तपासणी गुजरातीत झाली होती. तीच मुलगी खेळाच्या कोपऱ्यात चार बाहुल्यांना जेवायला बसवून प्रत्येकीपुढे दोन-दोन चिंचोके मांडत होती. एकीला एकच आला, तर डब्यातून आणखी एक काढून तिने तो पुरा केला. मी मराठीत म्हटलं, “मला पाच दे गं.” तिने एकेक उचलून पाच मोजले आणि हातावर ठेवले. शंभरपर्यंत धडाधड आकडे म्हणून शाबासकी मिळवणाऱ्या मुलाने त्याच प्रश्नाला मूठभर चिंचोके दिले! आकडे पाठ असणं वेगळं आणि पाच म्हणजे किती हे कळणं वेगळं. चिंचोके ओळीत मांडून “किती आहेत?” विचारलंत, तर पाठांतरावरही निभावतं. म्हणून ढिगातून मागायचे. आधी तीन, मग पाच, मग आठ.

सूचना कळते का हे बघताना बहुतेक शिक्षिका नकळत बोट दाखवतात. मूल बोटामागे जातं आणि आपण ‘समजतं’ असं लिहून मोकळे होतो. हात मागे बांधा, नजर मुलावर ठेवा आणि दोन कामं एकदम सांगा: “दप्तर खुंटीला लाव आणि चटई घेऊन ये.” स्वतःला आवरता येतं का, हे बघायला ‘डोकं म्हटलं की पाय धरायचे’ हा खेळ पुरतो. कानाची तयारी तोंडीच बघा: कमळ, कप, बस यांत वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता? पेन्सिल धरण्यावर गुण देऊ नका. बटण लावणं, डब्याचं झाकण उघडणं, कागद रेघेवर फाडणं यातून हाताची ताकद दिसते.

एका दिवशी चार-पाच मुलंच बघा. वहीत तारीख घालून मुलाने काय केलं तेच लिहा. ‘हुशार’, ‘मंद’ असले शब्द नकोत. एकट्याने केलं, मदतीने केलं, अजून नाही, एवढ्या तीन खुणा पुरेत. पहिली फेरी जूनमध्ये नको, मूल रुळल्यावर, महिना-दीड महिन्याने घ्या. दुसरी दिवाळीनंतर, तिसरी वर्षाअखेरीस. ‘मदतीने’ची खूण आली की कोणती मदत लागली तेही लिहा, कारण पुढच्या आठवड्याचा खेळ त्यातूनच ठरतो. पाच मागितल्यावर मूठभर देणाऱ्याला रोज खाऊ वाटायला लावा, माणशी एक, मग माणशी दोन. आकडे गिरवून हे येत नाही.

सगळंच भाषेवर ढकलू नका मात्र. मूल घरच्या भाषेतही गप्प असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान सारखा वाहत असेल, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणी करतं, पुढचे उपचारही मोफत आहेत.

आणि ‘तयार नाही, वर्षभर थांबवा’ म्हणणाऱ्यांना स्पष्ट सांगा: गुजरातेत १ जूनला सहा वर्षं पूर्ण असली की पहिली. प्रवेशासाठी मुलांची चाळणी करणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५०,०००पर्यंत. तुमची नोंदवही प्रवेश अडवायला वापरू देऊ नका, ती पहिलीच्या बाईंच्या हातात द्या. पहिलीच्या सुरुवातीला ‘विद्या प्रवेश’ या सरकारी कार्यक्रमाचे तीन महिने खेळातून तयारी करून घेण्यासाठीच ठेवलेले आहेत. कोणाला कुठून सुरुवात करून द्यायची, हे त्यांना त्या वहीतूनच कळेल.