आधी पंचनामा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला पाठवलेली तुझी लिंक सकाळी चहा घेता घेता उघडली. मिक्सरवरचा तुझा अख्खा लेख दुसऱ्याच कुणाच्या तरी साइटवर, सातही फोटो, एवढंच काय, ‘पुरण वाटताना मोटार तापली आणि जळका वास आला’ हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं. बदललं काय, तर लेखकाचं नाव आणि खरेदीच्या लिंकमधला टॅग, म्हणजे कमिशन कुणाला जाणार ते ठरवणारा कोड. घामाघूम होऊन पुरण वाटलंस तू, कमिशन खाणार तो.

त्याला अजून काही लिहिलं नाहीस ना? नसशील तर आज लिहूही नकोस. माझा कुकरवरचा लेख पहिल्यांदा उचलला गेला, तेव्हा मी तासाभरात त्या माणसाला लांबलचक शिव्यांची ईमेल धाडली होती. दुसऱ्या दिवशी पान गायब. मी खूश. आठवड्याभरात तोच लेख त्याच्याच दुसऱ्या डोमेनवर अवतरला, आणि पहिल्या पानाचा साधा स्क्रीनशॉटही माझ्याकडे नव्हता.

म्हणून आधी पंचनामा. पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घे. ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन कर. तुझं मूळ पान तिथे आधीच असेल, तर त्याची तारीखही टिपून ठेव. त्याच्या लिंकमधला टॅग कॉपी कर. भारतातल्या ॲमेझॉनचे टॅग शेवटी -21 असे असतात, लगेच सापडेल. फोटोंच्या मूळ फाइली फोनमधून थेट काढ, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या नकोत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की वेळ आणि कॅमेऱ्याची नोंद त्यातून पुसली जाते.

आता जरा बोचणारं बोलतो. सातपैकी दोन फोटो तुझे नाहीत. पांढरी पार्श्वभूमी, हवेत उडणाऱ्या स्ट्रॉबेऱ्या: हे कंपनीचे, विक्रीच्या पानावरून तू उतरवून घेतलेले. त्यांच्यावर तुझा हक्क नाही, तेव्हा तक्रारीत ते घालू नकोस. शिवाय ॲमेझॉनच्या अफिलिएट, म्हणजे लिंकवरून विक्री झाली की कमिशन देणाऱ्या, कार्यक्रमाच्या नियमांनुसार उत्पादनाच्या पानावरचा फोटो असा डाउनलोड करून आपल्या साइटवर चढवता येत नाही. दुसऱ्याला चोर म्हणताना आपलं खातं धोक्यात नको. याउलट तिसरा फोटो बघ. स्टीलच्या भांड्यावर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी आणि वाळत घातलेला पंचा उमटलाय. तो फोटो त्याने कुठे काढला, हे त्याला जन्मात सांगता येणार नाही.

750 वॅट, तीन भांडी, किंमत ही माहिती कुणाच्याच मालकीची नसते. हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. तुझं पुरण आणि तो जळका वास मात्र तुझाच. आणि ‘मी नोंदणी कुठे केलीय?’ असं म्हणत बसू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही; लिहिलंस तेव्हाच हक्क निर्माण झाला.

तक्रार चोराकडे नाही, त्याला जागा देणाऱ्याकडे करायची. त्याची साइट ज्या आयपी पत्त्यावर आहे त्याची हूइज नोंद, म्हणजे तो पत्ता कुणाच्या नावावर आहे ती माहिती, काढून होस्ट कोण ते बघ. क्लाउडफ्लेअरचं नाव आलं तर बहुतेक वेळा तो फक्त पडदा असतो, खरा सर्व्हर त्याच्या मागे दुसरीकडेच असतो. त्यांच्याकडे तक्रार केली की मागचा होस्ट कळतो. होस्ट भारतातला असेल, तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75 कामाला येतो: लेखी तक्रार मिळाल्यावर 36 तासांत मजकूर रोखायचा. पण ही रोख 21 दिवसांचीच. तोवर तू न्यायालयाचा आदेश आणला नाहीस, तर होस्ट तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. होस्ट अमेरिकेतला असेल तर तिथला 1998 चा कॉपीराइट कायदा, डीएमसीए. तिथे समोरचा उलट नोटीस देऊ शकतो, आणि तू दावा लावला नाहीस तर 10 ते 14 कामकाजी दिवसांत पान परत येतं. उचलेगिरी करणारे सहसा तेवढ्या भानगडीत पडत नाहीत, कारण उलट नोटिशीत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. गूगललाही कळव, पण तिथून फक्त शोधातला दुवा जातो, पान राहतंच. आणि गूगलकडे गेलेल्या नोटिशी ल्युमेन नावाच्या संग्रहात जाहीर होतात. तुझं नाव तिथे दिसेल, तेव्हा भाषा नीट ठेव.

खरी मेख मात्र टॅगमध्ये आहे. तो ज्या अफिलिएट कार्यक्रमाचा, त्यांना पुरावे पाठव. लेख गेला तर तो दुसरा उचलेल. खातं गेलं तर पोटावर पाय येतो.

‘पोलिसांत देईन, लाखाची भरपाई घेईन’ असलं काही लिहू नकोस. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध त्यालाही कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली कोर्टात जाता येतं. त्याच्या पानावर फोटो तुझ्याच सर्व्हरवरून लोड होत असेल, तर त्या जागी अचकट-विचकट चित्र टाकायची खुमखुमी येईल. मलाही आली होती. हॉटलिंकिंग, म्हणजे तुझ्या सर्व्हरवरचे फोटो असे परस्पर वापरणं, बंद कर आणि गप्प बस.

आपोआप मजकूर खेचणाऱ्या फुटकळ साइट्स पुढेही भेटतील. त्यांच्यामागे धावलास तर नवा लेख कधी लिहिणार? फीडमध्ये, म्हणजे नवे लेख वाचकांना आपोआप पोचवणाऱ्या यादीत, पूर्ण लेखाऐवजी चार ओळी दे आणि लेखात स्वतःच्या जुन्या लेखांचे दुवे पेर. ते काढायचेही कष्ट पुष्कळ जण घेत नाहीत. शोधात तुझ्या वर दिसेल किंवा तुझा टॅग बदलेल, त्याच्याशीच भांड.

होस्टचं उत्तर आलं की मला पाठव. त्या दोन स्ट्रॉबेऱ्या आज रात्रीच उतरव. उद्या आईला सांगून चटणीचं भांडं न धुता तसंच ठेव, आणि त्याचाच फोटो काढ.

तुझा,
काका