हर्बल आहे म्हणून लिव्हरला चालेल का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्या मिस्टरांचं वय ४६ आहे. चेकअपमध्ये एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ७८ आलं, म्हणजे वाढलेलं, आणि सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही, वजन कमी करा एवढंच म्हणाले. आता एका मित्राने कॅप्सूल सुचवलीय, त्यात मिल्क थिसल, ग्रीन टीचा अर्क आणि हळदीचा अर्क आहे. झाडपाल्याचंच आहे तर अपाय होणार नाही ना? बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर : ताई, सुरू करू नका. एक एक करून सांगते.

मिल्क थिसल ही एक काटेरी वनस्पती, तिच्या बियांतून सिलीमारिन नावाचा अर्क काढतात. अळंबीच्या विषबाधेत त्यातलाच सिलिबिनिन हा घटक शिरेतून देतात, पण म्हणून फॅटी लिव्हर कॅप्सूलने बरं होतं असं नाही. हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ पेशंटवर सिलीमारिनचा एक चांगला अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला, नेहमीपेक्षा मोठे डोस २४ आठवडे दिले तरी एसजीपीटी खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. अपायही फारसा नाही, म्हणजे तिघांत हाच त्यातल्या त्यात बरा.

मला काळजी उरलेल्या दोघांची आहे. चहा म्हणून प्यायचा ग्रीन टी वेगळा आणि अर्काची कॅप्सूल वेगळी, कारण अर्कात ईजीसीजी नावाचा घटक एकवटलेला असतो आणि पोटातून शोषलेलं जवळजवळ सगळं रक्तातून आधी लिव्हरकडेच जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढताना दिसतात. म्हणजे जी वाढलीत म्हणून तुम्ही कॅप्सूल शोधताय तीच!

हळदीचंही तसंच. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात, मग ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं, आणि पायपरिनमुळे बाकीच्या काही औषधांची रक्तातली पातळीही वाढू शकते, म्हणून बीपीची गोळी चालू आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० जणांची माहिती अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडली, त्यातला एक जण दगावला. असं क्वचित होतं, मान्य, पण कोणाला होईल ते आधी ओळखता येत नाही.

आणि डॉक्टरांनी काहीच दिलं नाही असं कृपया समजू नका. वजन ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो, सावकाश, काही महिन्यांत. यातलं कुठलंच कॅप्सूल याच्या जवळपास येत नाही.

प्रश्न : मी वजनासाठी तीन महिने हर्बल कॅप्सूल घेतेय. आठवडाभर अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, भूक नाही. डोस कमी करू का?

उत्तर : कमी नको, आजच बंद करा आणि आजच डॉक्टरांना दाखवा, हा अंक बाजूला ठेवून जा. उजेडात कोणाला तरी डोळ्यांचा पांढरा भाग बघायला सांगा. रक्तात एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरची एन्झाइम्स, काविळीत वाढणारं बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी पीटी-आयएनआर तपासावी लागेल. औषधाने कावीळ झाली की ती साधी धरायची नसते, अशा दहातल्या साधारण एकाचं लिव्हर निकामी होऊ शकतं. झोप आवरेनाशी झाली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर थेट इमर्जन्सीत.

बाटली सोबत न्याच. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, डोळे पिवळेधमक, कोणती औषधं घेता विचारलं तर म्हणाल्या काहीच नाही, दोनदा विचारलं तरी तेच, आणि निघताना रुमाल काढायला पर्स उघडली तर आत अर्धी संपलेली बाटली. "हे हर्बल आहे हो, औषध नाही," म्हणाल्या. ती बंद केल्यावर त्यांचं बिलिरुबिन खाली यायला दोन महिने लागले. तुमचा रिपोर्ट आला की मला कळवा, लेबलवरचं सगळं, बारीक अक्षरातलंसुद्धा, उतरवून पाठवा.