अंधारात पळताय? आधी घोट्याला पट्टी बांधा

वाचक विचारतात

एप्रिल-मे जवळ आला की आपल्या खान्देशात व्यायामाचं घड्याळच उलटं फिरतं. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर गेल्यावर सकाळी सातला पण पळवत नाही, म्हणून मग कोणी पहाटे चारला निघतं, कोणी रात्री जेवण झाल्यावर. या वेळी बहुतेक पत्रं त्यावरच आहेत, अंधारात गाडीवाल्याला आपण दिसावं म्हणून काय घालायचं. अगदी वेळेवरचा विषय आहे म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे चारला मित्रांसोबत गावाबाहेरच्या रोडवर पळायला जातो. काळी ट्रॅकपँट आणि वर पोपटी निऑन टीशर्ट. रेडियम पट्टीचं जाकीट घे म्हटलं तर म्हणतो, "काही व्हत नही व माय, हा कलर लांबून दिसतो." खरंच दिसतो का?
– एक आई, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, दिवसा दिसतो, दिवेलागणीला तर फारच छान दिसतो, पण पहाटे चारला नाही. निऑन कापडाचं सगळं काम उन्हावर चालतं, उन्हात डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात ते हे कापड शोषतं आणि दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतं, म्हणून ते बाकीच्या रंगांपेक्षा भडक वाटतं. गाडीच्या हेडलाईटमधे ते किरण फारसे नसतात. मग रात्री तो टीशर्ट म्हणजे नुसता एक फिक्या रंगाचा टीशर्ट, काळ्यापेक्षा बरा एवढंच.

रेडियम पट्टीचं तसं नाही. त्यात बारीक काचेचे मणी नाहीतर छोटे छोटे प्रिझम असतात आणि ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. हेडलाईट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ एकाच दिशेला असतात म्हणून ड्रायव्हरला ती पट्टी पेटल्यासारखी दिसते, आणि शेजारी पळणाऱ्या मित्राला तीच पट्टी राखाडी कापडाचा तुकडा वाटते. पोरांना ही पट्टी बिनकामाची वाटते ती बहुतेक यामुळेच. त्याला एकदा घरीच दाखवा, घरातले लाईट बंद करून अंगणाच्या त्या टोकाला निऑन टीशर्ट आणि पट्टी दोन्ही शेजारी टांगा, आणि त्याच्या हातात मोबाईलचा टॉर्च देऊन तो कानाजवळ, डोळ्याच्या बाजूला धरायला सांगा. बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

आता हिशोब. ८० च्या स्पीडने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. ड्रायव्हरला दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर गेले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रोडवर अजून ३५ च्या आसपास. म्हणजे सत्तरेक मीटर पाहिजेत. डिपर, म्हणजे खाली मारलेल्या लाईटमधे गडद कपड्यातला माणूस कितीदा तरी ३०-४० मीटरवर आल्यावरच दिसतो. चांगली पट्टी शंभर-सव्वाशे मीटरच्याही पुढून चमकते. एवढाच फरक आहे, पण सगळं त्यातच आहे.

मुलाला "मी दिसतोच" असं वाटतं त्यात त्याचा हट्ट कमी आणि डोळ्यांची फसगत जास्त आहे. त्याला समोरून येणारा लाईट लख्ख दिसतो, म्हणून त्याला वाटतं की गाडीवाल्यालाही आपण तेवढेच लख्ख दिसतोय. अंधारात चालणारा माणूस स्वतः किती दिसतो याचा अंदाज नेहमी जास्तच धरतो, हे अभ्यासातही पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात जास्त झोपेची वेळ, रात्रभर गाडी चालवून आलेल्या ट्रकवाल्याच्या डोळ्यावर तेव्हाच झापड असते.

आणि एक मनापासून सांगतो ताई. भरतीला मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि दोन फेऱ्या. शाळेचं मैदान दोनशेचं असलं तर आठ आणि चार. यासाठी हायवेची गरजच नाही. रोडवरच जायचं असेल तर एकामागे एक पळा, चौघं आडवे पळू नका, कानात हेडफोन नको, आणि फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतील असं.

प्रश्न : मी मेहरूण तलावाकडे रोज पळते, येता-जाता मेन रोड लागतो. रेडियमचं जाकीट घेतलं पण मे महिन्यात ते घालून पळणं म्हणजे शिक्षा आहे, आतून पूर्ण भिजते. फक्त पाठीवर पट्टी असलेला टीशर्ट चालेल का?
– एक धावपटू, जळगाव

उत्तर : जाकीट काढून टाका, माझी काही हरकत नाही, पण पट्टी पाठीवरून काढून घोट्यावर आणि मनगटावर आणा.

कारण सांगतो, मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. १९७३ मधे स्वीडनच्या गुन्नार योहानसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून अंधारात त्याचं चालणं चित्रित केलं. पडद्यावर फक्त दहा-बारा ठिपके, चेहरा नाही, अंग नाही. माणूस थांबलेला असला की बघणाऱ्याला काही कळेना, पण तो चालायला लागला की क्षणात कळायचं, हा माणूस आहे. आपल्या डोळ्यांना माणसाची चाल ओळखायची फार जुनी सवय आहे. पुढे खऱ्या रोडवर खऱ्या ड्रायव्हरांसोबत अभ्यास झाले, त्यातही तेच आलं, नुसती छाती-पाठीवर पट्टी असण्यापेक्षा घोटे, गुडघे, मनगटं, कोपरं यांच्यावर पट्टी असली की ड्रायव्हर माणसाला बराच लांबून ओळखतो.

पाठीवरची पट्टी लांबून चमकते खरी, पण ड्रायव्हरला काय दिसतं तर एक चमकणारा चौकोन. तो मैलाचा दगड असू शकतो, रोडच्या कडेचा चमकणारा खुंटा (डेलिनेटर) असू शकतो, उभ्या ट्रॉलीचा रेडियम असू शकतो. त्यासाठी कोणी ब्रेक मारत नाही. दोन ठिपके खाली-वर, पुढे-मागे हलताना दिसले की पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उठतो. शिवाय डिपर लाईट खालच्या बाजूला मारलेला असतो, त्यामुळे तुमच्या अंगावर सगळ्यात आधी उजेड पडतो तो पायांवर.

म्हणून दोन घोट्यांचे वेल्क्रोवाले पट्टे, दोन मनगटांचे, आणि जमलं तर जाळीचा किंवा नुसत्या पट्ट्यांचा तो एक्स आकाराचा बेल्ट, त्याला गरम होत नाही. घोट्याचा पट्टा चारी बाजूंनी चमकणारा घ्या. कितीतरी ब्रँडेड बुटांवर टाचेला बोटभर रेडियम असतो आणि दुकानदार तोच दाखवून विकतो, तेवढा पुरत नाही, गाडी आडव्या गल्लीतून आली तर तो दिसतच नाही.

प्रश्न : पट्ट्याचा चमकदारपणा काही महिन्यांत गेला. डुप्लिकेट माल होता का?
– धरणगाव

उत्तर : असेलही, पण आधी धुणं बघा. गरम पाणी, ब्लीच, ब्रशने घासणं, कापड मऊ करायचं लिक्विड आणि डायरेक्ट इस्त्री, या पाच गोष्टींनी पट्टी मरते. साध्या पाण्यात हाताने धुवा, उलटी करून सावलीत वाळवा. पावसाळ्यात आपली काळी माती घोट्याच्या पट्ट्यावर एकदा बसली की तो पट्टा असून नसल्यासारखा, घरातून निघताना ओल्या फडक्याने पुसायचा. काही काचेच्या मण्यांच्या पट्ट्या भिजल्या की चमक बरीच कमी होते, तिथे वरून प्लास्टिकचा थर असलेली प्रिझमवाली पट्टी जास्त टिकते. मोबाईलचा फ्लॅश चालू करून पट्टीचा फोटो काढा, फोटोत पांढरी फटक आली तर जिवंत आहे, राखाडी आली तर बदला.

प्रश्न : आमच्या गावातून चैत्रात सप्तशृंगी गडावर पदयात्रा जाते. साठेक लोक, त्यात बाया-पोरं पण. ऊन्हामुळे रात्रीचंच चालणं. मंडळाकडे पैसे थोडे आहेत, सगळ्यांना जाकीट परवडणार नाही. काय घ्यावं?
– पदयात्रा मंडळाचे कार्यकर्ते, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही हे आधी विचारलं याचं फार बरं वाटलं. चैत्रात खान्देशातून गडावर इतकी माणसं पायी जातात आणि त्यातला कितीतरी रस्ता हायवेच्या कडेने आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात ३२ हजारांवर पायी चालणारे होते, केंद्र सरकारच्याच अहवालातला आकडा आहे.

सगळ्यांना जाकीट नकोच. कपड्यावर शिवायची दोन इंच रुंद रेडियम टेप रोलमधे मिळते, ती घ्या. नंबरप्लेटवाल्याकडचा चिकटवायचा स्टिकर घेऊ नका, तो कापडावर राहत नाही आणि त्यातले साधे रंगीत स्टिकर तर चमकतही नाहीत. गावातल्या टेलरकडून वेल्क्रो लावून पट्टे शिवून घ्या, माणशी दोन, दोन्ही पायांना. लहान पोरांना हाताचे पण द्या, आणि दिंडीत पोरं रोडच्या आतल्या बाजूला नको, शेताच्या बाजूला ठेवा. भगवे उपरणे, लाल साड्या रात्री काही कामाच्या नाहीत, झेंड्याच्या काठीला मात्र वरपासून खालपर्यंत टेप गुंडाळा, ती उंच असते, लांबून दिसते.

जाकिटं पाच-सहाच घ्या पण नीट घ्या, पुढच्या दोघांना, शेवटच्या दोघांना, मधे कडेने फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना. बांधकामावर मिळतं ते शे-दोनशेचं जाकीट घेताना टॉर्च मारून बघा, काहींवर नुसती चंदेरी कापडाची पट्टी असते. लेबलवर आयएसओ २०४७१ (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं असेल तर त्यात पट्टीची रुंदी कमीत कमी ५० मिलिमीटर ठरलेली आहे. पुढच्यांच्या हातात पांढरा टॉर्च, शेवटच्यांच्या पाठीवर लाल लाईट. हे उलटं करू नका, लाल म्हणजे मागची बाजू हे ड्रायव्हरच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

तुमच्यासोबत सामानाची गाडी असेलच. ती पुढे पाठवून देऊ नका, दिंडीच्या मागे बरंच अंतर ठेवून चारही इंडिकेटर चालू करून चालवा, आणि तिच्या मागे सुद्धा टेप लावा. समोरासमोर दोन गाड्या आल्या की त्यांच्या लाईटच्या मधे सापडलेला माणूस दोघांनाही दिसत नाहीसा होतो, ड्रायव्हरचे डोळे काही सेकंद दिपलेले असतात. अशा वेळी सगळ्यांनी डांबर सोडून खाली उतरायचं, हे निघायच्या आधी मंदिरात सगळ्यांना एकदा सांगा. आणि चहाला थांबाल तेव्हा रोडच्या काठावर बसू नका, थांबलेल्या माणसाच्या घोट्याची पट्टी हलत नाही.

फिनलंडमधे अंधारात पायी चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावायचा हे वाहतूक कायद्यातच लिहिलेलं आहे, म्हाताऱ्यांच्या कोटाला आणि शाळेच्या पोरांच्या दप्तराला तो लटकलेला असतो. आपल्याकडे उसाच्या बैलगाडीला रेडियम लावायचं आपण शिकलो, बैलांच्या बाजूने चालणाऱ्या माणसाला अजून लावला नाही.

प्रश्न : मी व्यायाम करत नाही, पण थ्री फेज लाईट रात्रीची असते म्हणून केळीला पाणी द्यायला रात्री रोडने शेतात जावं लागतं. हेडलॅम्प घेतलाय, तेवढं बस आहे ना?
– शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : हेडलॅम्प तुम्हाला दिसावं म्हणून आहे, बांधावर साप-विंचू दिसतो, त्यासाठी तो पाहिजेच. पण तो पुढे बघतो, मागून केळीचा ट्रक आला तर त्याला तुमच्या डोक्याची काळी मागची बाजूच दिसते. गमबुटाच्या वरच्या कडेला गोल टेप चिकटवा, रबरावर चिकटवायची टेप चांगली बसते, आणि फावड्याच्या दांड्याला एक पट्टी. समोरून गाडी आली की हेडलॅम्प खाली करा, सरळ त्याच्या डोळ्यात मारला तर तो काही क्षण आंधळाच होतो आणि तुम्ही त्याच्याच पुढ्यात असता. मोटरसायकल रोडच्या कडेला लावून जात असाल तर तिच्या मागे-पुढे पण टेप लावा.

प्रश्न : सायकलला मागे लुकलुकणारा लाल लाईट आहे. मग रेडियमची काय गरज? आणि लाईट लुकलुकता ठेवावा की सलग?
– सायकलवाला, शिरपूर

उत्तर : दोन्ही ठेवा. पट्टीला स्वतःचा उजेड नसतो, दोन्ही लाईट फुटलेला ट्रॅक्टर किंवा बिनलाईटची मोटरसायकल मागून आली तर पट्टी काही करू शकत नाही, तिथे तुमचा लाईटच कामाला येतो. आणि लाईटची बॅटरी मधेच संपली, जे तुम्हाला पुढे बसून कळतही नाही, तर पट्टी आहे. पेडलला पिवळे रिफ्लेक्टर असतील तर काढू नका, ते पायासोबत गोल फिरतात म्हणून लगेच ओळखू येतात. लाईट गावात, खांबांचे दिवे असतात तिथे लुकलुकता ठेवला तर लक्ष जातं. अंधाऱ्या हायवेवर सलग ठेवा, लुकलुकत्या ठिपक्यावरून सायकल किती लांब आहे याचा ड्रायव्हरला अंदाज येत नाही. दोन लाईट असतील तर एक सलग सीटखाली आणि एक लुकलुकता हेल्मेटवर लावा.