संक्रांत झाली, तरी सकाळी अंधार का?

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असं आजी सांगायची. मी पहाटे फिरायला जाते. जानेवारीत तर अंधार वाढलेलाच दिसतो. मग वाढतं काय? (ठाणे)

वाढते ती संध्याकाळ. मुंबई-ठाण्याचेच आकडे घ्या. 22 डिसेंबरला सूर्योदय साधारण 7.08 ला आणि सूर्यास्त 6.06 ला. 14 जानेवारीला उगवती 7.15 ला, मावळती 6.20 ला. म्हणजे दिनमान सहा-सात मिनिटांनी वाढलं खरं, पण संध्याकाळच्या खात्यात चौदा मिनिटं जमा झाली आणि सकाळच्या खात्यातून सात वजा! सर्वांत लवकर सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय होतो संक्रांतीच्या आसपास.

याचं मूळ मध्यान्हीत आहे. सूर्य सर्वांत उंच येतो ती खरी मध्यान्ह घड्याळात रोज एकाच वेळी होत नाही. डिसेंबरअखेर एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत 24 तास आणि वर जवळपास अर्धं मिनिट लागतं. पृथ्वीचा आस 23.4 अंश कललेला आहे, हे एक कारण. शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत वेगाने पळते, त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्याशी आणायला तिला स्वतःभोवती किंचित जास्त फिरावं लागतं. रोजचं हे अर्धं मिनिट साचत जातं आणि अख्खा दिवसच, उगवती-मावळतीसकट, घड्याळात पुढे सरकतो.

आजीचं म्हणणं एका काळी तंतोतंत बरोबर होतं. उत्तरायण आणि मकरसंक्रांत सुमारे 1,700 वर्षांपूर्वी एकाच सुमारास येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने हे अंतर साधारण 72 वर्षांना एक दिवस या गतीने वाढत गेलं. आज दिवस वाढायला लागतो तो 22 डिसेंबरच्या सुमारास. तिळगूळ मात्र जानेवारीतच खायचा.

नागपूरला बहिणीकडे सूर्य आमच्या मुंबईपेक्षा किती आधी उगवतो? (दादर)

सरासरी 25 मिनिटं. रेखांशाच्या दर अंशाला चार मिनिटं, आणि दोन्ही शहरांत सव्वासहा अंशांचं अंतर. पण नागपूर थोडं उत्तरेलाही आहे. त्यामुळे जूनमध्ये सूर्योदयातला फरक अर्ध्या तासाच्या घरात जातो आणि सूर्यास्तातला वीस-एकवीस मिनिटांवर येतो. डिसेंबरात नेमकं उलट.

आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबई तिच्यामागे 39 मिनिटं. म्हणूनच मे महिन्याच्या मध्याला मुंबईत सावली पायाखाली गडप होते ती बाराला नव्हे, 12.35 च्या सुमारास. देशात प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकून होता. हट्टीपणा म्हणा, पण तो सूर्याला धरून होता.

21 मार्चला दिवस-रात्र समान, असं शाळेत शिकलो. कॅलेंडरात मात्र दिवस मोठा दिसतो. छपाईची चूक? (सांगली)

नाही, कॅलेंडर बरोबर आहे. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय, आणि तीच कड बुडाली की सूर्यास्त. त्यात हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजाखालचा सूर्यही आपल्याला दिसतो. दोन्ही मिळून महाराष्ट्रात सहा-सात मिनिटांचा नफा. खरी समान दिवस-रात्र आपल्याकडे आठवडाभर आधीच, 14-15 मार्चच्या आसपास होऊन जाते.

आमचं घर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पंचांगात सूर्योदय सातला असला, तरी अंगणात ऊन यायला साडेसात होतात. (कणकवली)

पंचांग सपाट क्षितिज धरून चालतं. तुमच्या पूर्वेला मात्र डोंगर उभा आहे. आपल्याकडे उगवतीला सूर्य तासाला 13-14 अंश वर चढतो. सूर्य वर येण्याआधी अंगणात उभं राहून हात सरळ पुढे ताणा आणि बोटं आडवी धरा. डोंगराची धार सपाट क्षितिजापासून चार बोटं वर भरली, तर ते साधारण सात अंश, म्हणजे अर्धा तास. नुसती दोन बोटं भरली, तर पाव तास. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे सरकतो, तेव्हा त्या बाजूची धार वेगळी मोजा. तिथे एखादी खिंड असेल, तर ऊन लवकरही येईल.