भाज्यांचा रस की कडधान्यं: जास्त पौष्टिक काय?

तुम्ही विचारलंय, ऑफिसच्या घाईत सकाळी एकच काहीतरी जमतं, तर भाज्यांचा रस प्यावा की कडधान्यं खावीत?

कडधान्यं. उत्तर संपलं. पण आमच्या घरात हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून पुढचं लिहिते.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले, एकत्र कुटुंब. थोरले भावजी आणि वहिनी रोज कमाटीबागेत फिरायला जातात आणि येताना बाहेरच्या गाडीवर रस पितात. दुधी, कारलं, बीट, गव्हांकुर, जे असेल ते. गाडीवाला प्रत्येक ग्लासाबरोबर एकेका रोगाचं नाव घेतो. मी एकदा बरोबर गेले, तर माझं लक्ष यंत्राखालच्या बादलीकडे. ओल्या, रंगीत चोथ्याने काठोकाठ भरलेली. म्हणजे तंतुमय भाग जवळपास सगळा तिथेच. याचं काय करता, विचारलं तर म्हणाला, "गायने नाखी दईए." पैसे आपण मोजायचे आणि पोट गाईचं साफ!

घरी मात्र माझ्या मटकीच्या उसळीला नाकं मुरडायची. "वातूळ असतं गं. आणि पाहुण्यांना काय उसळ वाढतेस?" हेच लोक रविवारी सेव-उसळ ओरपून येतात, तिथे वाटाणा वातूळ नसतो.

माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा वहिनींनी तिला बीटाचा रस सुरू केला. का, तर लाल असतो. रंगाने रक्त वाढत असतं तर कोकम सरबतानेही वाढलं असतं. १०० ग्रॅम बीटात १ मिलीग्रॅमभरही लोह नसतं. तेवढ्याच कोरड्या मटकीत ७-८ मिलीग्रॅम, शिवाय २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह लागतं. ते बीटातून काढायचं तर दिवसभर ग्लासच हातात धरून बसावं लागेल. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, उसळी-पालेभाज्या खा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको, असं बजावलं. हिमोग्लोबिन वाढलं. गोळ्यांनी वाढलं हे मला मान्य आहे, पण सगळ्या नातेवाइकांत श्रेय बीटाला मिळालं!

तुमच्या घाईचं म्हणाल तर मटकी किंवा मूग सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत पांढरे मोड फडक्याच्या विणीतून डोकावतात. थंडीत मात्र गाठोडं उबेला ठेवून जास्त वेळ द्यावा लागतो. मोड आले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व थोडं तयार होतं. वाफवायचं, कांदा, लिंबू, मीठ. झालं. चोळून धुतलंत आणि नीट शिजवलंत तर वाताची तक्रारही कमी होते. वहिनींना हे कितीदा सांगितलं, असो.

आता, रस अगदीच टाकाऊ नाही. गाजराच्या रसातून बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते, भरपूर मिळतं, ते कडधान्यांत नगण्य. पण तेच गाजर दाताने चावून खाल्लं तर काय बिघडतं? मूत्रपिंडाचा विकार असेल तर रस काय, कडधान्यं काय, डॉक्टरांना विचारूनच घ्या, पोटॅशियम दोन्हीकडे असतं. मुतखडा झालेल्यांनी पालकाचा रस पिऊ नये. राजमा भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळायचा, अर्धाकच्चा खाल्लात तर उलट्यांनी हैराण व्हाल.

आणि दुधीचाच रस प्यायचा हट्ट असेल तर आधी तुकडा चाखून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेका. त्या कडवटपणात विषारी द्रव्य असतं, माणसं दगावलेली आहेत. "कडू तेच गुणकारी" म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. आमच्याकडचं कोण ते आता तुम्हाला कळलंच असेल.