माझे रेसिंगमधले हिरो: जे मध्येच थांबले

तुम्ही विचारलंय, कार रेसिंग, रॅली आणि मोटरसायकल या तिन्हींमधले तुमचे सगळ्यात आवडते हिरो कोण आणि का?

माझ्या यादीत पहिलं नाव डेव्हिड पर्लीचं आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर नवल नाही. फॉर्म्युला वनमध्ये त्याने एकही गुण मिळवला नाही. सगळ्यात चांगली कामगिरी म्हणजे १९७३ साली इटलीतल्या मोंझाला आलेला नववा नंबर.

२९ जुलै १९७३, हॉलंडमधला झांडवूर्टचा ट्रॅक. रॉजर विल्यमसन नावाच्या तरुण ब्रिटिश ड्रायव्हरची ही दुसरीच फॉर्म्युला वन शर्यत. त्याची गाडी कठड्यावर आदळली, उलटी झाली, तशीच घासत गेली आणि पेटली. विल्यमसन जिवंत होता. त्याला फारसं लागलंही नव्हतं, पण उलट्या गाडीखाली तो अडकला होता. मागून येणाऱ्या पर्लीने हे पाहिलं, आपली गाडी बाजूला लावली आणि चालू शर्यतीत ट्रॅक ओलांडून तो धावत गेला. आधी त्याने नुसत्या हातांनी ती गाडी सरळ करायचा प्रयत्न केला. जमेना. आग विझवायचं नळकांडं घेतलं, ते पूर्ण रिकामं केलं, आणि पुन्हा गाडीला हात घातला. तिथल्या मार्शलांकडे, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा बघणाऱ्या माणसांकडे, आगीत टिकणारे कपडे नव्हते, त्यांना जवळ जाता येत नव्हतं. बाजूने बाकीच्या गाड्या जातच होत्या, कारण बऱ्याच ड्रायव्हरांना वाटलं की जी गाडी जळतेय तिचाच हा ड्रायव्हर, म्हणजे सुटला बिचारा. शर्यत थांबवली गेली नाही. विल्यमसन गेला. एकटा माणूस पुरा पडला नाही हो. आणखी दोन-तीन जणांचे हात लागले असते तर ती गाडी पलटली असती, असं मला ते चित्रण पाहताना दर वेळी वाटतं. शेवटी पर्ली मान खाली घालून चालत निघतो, तो तुकडा मी एकट्याने पाहू शकत नाही.

ब्रिटनने पर्लीला जॉर्ज पदक दिलं. पुढे १९७७ साली ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर त्याचा स्वतःचा भयंकर अपघात झाला, ताशी १७३ किलोमीटरवरून गाडी एक मीटरच्याही आत उभी राहिली. त्यातून तो वाचला. १९८५ मध्ये कसरतीचं विमान चालवताना समुद्रात पडून गेला.

मला हा माणूस इतका जवळचा का वाटतो, ते सांगतो. आमचं लालबागला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गाड्यांच्या वेगाचं वेड लहानपणापासून होतं. केबलवर शर्यती दिसायला लागल्या तेव्हा चाळीत ज्यांच्याकडे कनेक्शन होतं त्या काकांच्या दारात रविवारी मी ठाण मांडून बसायचो. तेव्हा माझा हिरो म्हणजे जो जिंकेल तो. मग २००९ च्या जुलैत, पहाटे साडेचारला, पनवेलहून येताना मानखुर्दच्या अलीकडे माझी गाडी स्लिप झाली. धो धो पाऊस, पाय गाडीखाली, अंगावर रेनकोट आणि तोही काळा. मागून येणारे एकेक कट मारून जात होते. मग भाजीचा एक टेम्पो थांबला. त्या माणसाने खाली उतरून माझ्याकडे धाव घेतली नाही. आधी त्याने टेम्पो माझ्या मागे तिरका लावला, चारही इंडिकेटर चालू केले, आणि मगच तो उतरला. म्हणजे आधी मागची वाहनं अडवली आणि मग माझी गाडी उचलली. पुढे धोका आहे, वेग कमी करा, असं सांगायला मार्शल पिवळा झेंडा का दाखवतो, ते मला त्या दिवशी रस्त्यावर आडवं पडून कळलं. त्याचा दादर मार्केटचा भाव त्या पाऊण तासात नक्की पडला असणार. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाजीचं बघू, तुम्ही पाय हलवून दाखवा."

तेव्हापासून मी शर्यती वेगळ्या नजरेने पाहतो.

उदाहरणार्थ आयर्टन सेना. तीन वेळा विश्वविजेता, ४१ विजय, हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र तो आठवतो १९९२ च्या बेल्जियममधल्या स्पाला, शुक्रवारच्या सरावात. एरिक कोमासची गाडी आदळून ट्रॅकवर पडली होती. कोमास बेशुद्ध, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, इंजिन पूर्ण रेसमध्ये किंचाळतंय. सेनाने गाडी थांबवली, ट्रॅकवरून पळत जाऊन आधी इंजिन बंद केलं, कारण पेट्रोल सांडून भडका उडाला असता, आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं धरून ठेवलं. क्रम बघा, त्या टेम्पोवाल्यासारखाच. आधी पुढचा धोका, मग माणूस.

आर्तुरो मेर्झारिओचंही असंच. १९७६ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर तेव्हाचा विश्वविजेता निकी लाउडा पेटत्या गाडीत अडकला, तेव्हा चार ड्रायव्हर थांबले आणि मेर्झारिओने आगीत हात घालून त्याचा पट्टा सोडवला. लाउडा सहा आठवड्यांत परत शर्यतीला उभा राहिला आणि मोंझाला चौथा आला. सगळे लाउडाच्या हिमतीबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. पण तो पट्टा सुटला नसता तर पुढची कहाणीच नव्हती.

स्टर्लिंग मॉसने गाडी थांबवली नाही, पण त्याला मी याच रांगेत बसवतो. १९५८, पोर्तुगालची शर्यत. माइक हॉथॉर्नची गाडी फिरून बंद पडली होती, ती पुन्हा चालू करताना तो ट्रॅकवर उलट दिशेने गेला असा ठपका आला आणि त्याला बाद करायची वेळ आली. हॉथॉर्न म्हणजे मॉसचा विश्वविजेतेपदासाठीचा थेट प्रतिस्पर्धी. मॉस स्वतः पंचांकडे गेला आणि म्हणाला, मी पाहिलंय, तो ट्रॅकच्या बाहेर होता. हॉथॉर्नचे गुण राहिले. वर्षअखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. आणि मॉस आयुष्यात कधीच विश्वविजेता झाला नाही.

रॅलीकडे येतो. इथे आपल्या लोकांना शेखर मेहता माहीत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा हा माणूस. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांना तिथून निघावं लागलं. केनियात आले आणि पुढच्याच वर्षी डॅटसनमधून सफारी रॅली जिंकली. नंतर १९७९ ते १९८२ सलग चार वेळा. एकूण पाच. तेव्हाची सफारी म्हणजे हजारो किलोमीटर कच्चे रस्ते, चिखल, समोर कधी जनावर येईल याचा नेम नाही, आणि रस्ता वाहतुकीसाठी बंदही केलेला नसायचा. केनियाचेच जोगिंदर सिंगही ही रॅली तीनदा जिंकले होते, त्यातली १९६५ ची रॅली एका जुन्या व्होल्वोमध्ये, शेजारी सख्खा भाऊ बसलेला. गॅरेजवाल्याला विचारा, जुनी गाडी शेवटपर्यंत नेणं म्हणजे काय असतं.

आणि मिशेल मूटाँ. १९८१ ला इटलीतली सानरेमो रॅली जिंकून विश्व रॅली स्पर्धेतली रॅली जिंकणारी पहिली बाई. पुढच्या वर्षी तीन रॅल्या जिंकून विजेतेपदाच्या दाराशी आली. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील कॅन्सरने गेले. तिने गाडी चालवावी अशी त्यांचीच इच्छा होती. ती चालवली, आघाडीवर होती, मग अपघात झाला आणि विजेतेपद वॉल्टर ऱ्योर्लकडे गेलं. माझ्या थांबणाऱ्यांच्या यादीत ती बसत नाही, पण तिच्याशिवाय ही यादी मला अपुरी वाटते. माझे वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी मी शटर उघडलं होतं, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. लोक काय काय बोलले.

मोटरसायकलवाल्यांत वॅलेंटिनो रॉसी मला आवडतो, कोणाला नाही आवडत? पण माझा माणूस जोई डनलॉप. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनीचा, तिथे त्याचा पब होता. आइल ऑफ मॅन बेटावर टीटी नावाच्या मोटरसायकल शर्यती होतात, त्यांचा रस्ता बघा: साठ किलोमीटरचा एक फेरा, गावातून, घरांच्या भिंतींना खेटून, डोंगरावरून. तिथे २६ विजय. हा विक्रम २०२४ मध्ये त्याच्या पुतण्याने, मायकेलने मोडला. जोई आपल्या गाडीचे पाने-बोल्ट स्वतः फिरवायचा, हे तर मला आवडणारच. पण खरी गोष्ट पुढे आहे. शर्यतीची गाडी ज्या व्हॅनमधून न्यायची, तीच व्हॅन अन्न, कपडे, बाळांचे लंगोट यांनी भरून तो निघायचा. रुमानिया, अल्बानिया, युद्धात होरपळलेला बोस्निया. तिथल्या अनाथाश्रमांपर्यंत स्वतः गाडी चालवत जायचा, एकटा, गाजावाजा नाही. ब्रिटिश सरकारने त्याला आधी शर्यतींसाठी सन्मान दिला आणि १९९६ मध्ये या कामासाठी वेगळा, वरचा सन्मान दिला. २००० च्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने टीटीच्या तीन शर्यती जिंकल्या. महिन्याभरातच, २ जुलैला, एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये पावसात गाडी घसरून तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे पन्नास हजार माणसं जमली.

आता शेवटचा, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा: पाउलो गोन्साल्विस. त्याआधी रॅलीतला एक नियम सांगतो. काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या रॅलीत मी मार्शल म्हणून उभा राहिलो होतो, तेव्हा पहिल्याच सकाळी हा शिकवला. प्रत्येक गाडीत एक पाटी असते, एका बाजूला हिरव्यात ओके, दुसऱ्या बाजूला लाल रंगात एसओएस. गाडी आदळली आणि सगळे धड असले तर हिरवी दाखवायची. लाल दिसली तर मागून येणाऱ्याने थांबलंच पाहिजे, मग तो पहिल्या नंबरवर का असेना. रस्त्यावरच्या माणुसकीचा असा लेखी नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. उन्हात शिट्टी घेऊन दोन दिवस उभा होतो, एकही लाल पाटी दिसली नाही. घरी येताना कसाऱ्याच्या घाटात मला त्याचाच आनंद होत होता.

डकार या अनेक टप्प्यांच्या वाळवंटी रॅलीतही हेच. तिथे माणूस वाळवंटात एकटा असतो, हेलिकॉप्टर यायच्या आधी मागचा रायडरच पोचतो. पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस २०१६ च्या डकारमध्ये असाच थांबला. मॅथियास वॉकनर मांडीचं हाड मोडून पडला होता. वॉकनर दुसऱ्या कंपनीचा, प्रतिस्पर्धी. गोन्साल्विस मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबला. गेलेला वेळ आयोजकांनी त्याला परत दिला, पण थांबताना कोणी घड्याळ बघत नाही.

पुढे हाच गोन्साल्विस हीरोच्या संघात आला. आपल्या गल्लीत दूध, पेपर, पार्सल ज्या गाडीवर येतं, तीच कंपनी. १२ जानेवारी २०२०, सौदी अरेबिया, सातवा टप्पा, २७६ वा किलोमीटर. गोन्साल्विस पडला. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता, मागून आला आणि थांबला. जे थांबणं गोन्साल्विसने दुसऱ्यासाठी केलं होतं, तेच आता त्याच्या वाट्याला आलं, पण उपयोग झाला नाही. तो गेला. त्याला हेलिकॉप्टरपर्यंत उचलून नेईपर्यंत प्राइस तिथून हलला नाही. हीरोने त्या वर्षी संघ मागे घेतला. त्या संघात आपला बंगळुरूचा सी. एस. संतोषही होता, डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय.

त्याच संघात गोन्साल्विसचा मेहुणा होता, जोआकिम रॉड्रिग्ज. २०२२ च्या जानेवारीत डकारचा तिसरा टप्पा त्याने जिंकला, भारतीय कंपनीच्या गाडीने डकारचा टप्पा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तो विजय त्याने पाउलोला वाहिला. बातमी आली तेव्हा गॅरेजात एक स्प्लेंडर उघडून ठेवली होती, क्लच प्लेट बदलायच्या होत्या. मी हात पुसले, मोबाइल तिच्या टाकीवर उभा केला आणि पोराला म्हटलं, इंजिन बंद कर जरा, हे बघ.