‘बिल नको असेल तर स्वस्तात देतो’: जुना गेमिंग लॅपटॉप घेण्यापूर्वी

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गेमिंगसाठी आणि जमलं तर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेण्यासाठी रिफर्बिश्ड, म्हणजे ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला जुना लॅपटॉप बघतोय. सातव्या पिढीचा इंटेल आय-सेव्हन प्रोसेसर, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. वेबसाइटवरच्या विक्रेत्याने फोनवर तीन महिन्यांची वॉरंटी कबूल केली आहे, पण त्याच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. वेबसाइट सोडून थेट पैसे पाठवले आणि बिल मागितलं नाही, तर तो किंमत कमी करायला तयार आहे. दुसरीकडे, एक जण स्वतः वापरलेला तसाच लॅपटॉप विकतोय. उद्या मशीन बिघडलं तर कायदा माझ्या बाजूने उभा राहील का?

उत्तर : राहील, पण विक्रेत्याने जे लिहून दिलं असेल तेवढ्यापुरता भक्कमपणे. म्हणून बिनबिलाचा व्यवहार आधी डोक्यातून काढून टाका. वाचलेल्या पैशांच्या बदल्यात तुम्ही खरेदीचा मुख्य पुरावा सोडून देत आहात. शिवाय ई-कॉमर्स नियम, २०२० चं संरक्षणही जातं. या नियमांनुसार वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळली नाही, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. व्हॉट्सअॅपवर ठरलेल्या सौद्यात यातलं काहीच वेबसाइटच्या गळ्यात घालता येणार नाही.

बिलावरच्या त्या छापील ओळीला फार घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरतात, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवस. म्हणजे त्या ओळीपेक्षा ‘तक्रार सात दिवसांच्या आत’ अशी बारीक अक्षरातली अट जास्त जाचक ठरू शकते. ती आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. मात्र दोष नसताना केवळ मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क हे कलम देत नाही.

आता खरा मुद्दा. जुन्या वस्तूत ‘दोष’ कशाला म्हणायचं? ग्राहक कायद्यात ‘रिफर्बिश्ड’ची व्याख्या नाही. कुणी नुसता पंखा पुसून, थर्मल पेस्ट बदलून विकतो, कुणी मेलेली ग्राफिक्स चिप तापवून तात्पुरती जिवंत करतो, आणि दोघंही तोच शब्द वापरतात. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती गेली की बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. म्हणून विक्रेत्याला ईमेलवर सरळ विचारा : मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स चिपवर याआधी काम झालं आहे का?

हा प्रश्न लेखी विचारायचं कारण करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये आहे. विक्रेता नुसता गप्प बसला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. पण विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगितलं तर ठरते, आणि मग करार रद्द करून पैसे मागता येतात. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही जपून ठेवा.

मालविक्री कायदा, १९३० चं कलम १६ ही असंच बारकाईने वाचण्यासारखं आहे. व्यापाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा हवा. पण तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर या कलमाचा आधार मिळत नाही. तडा गेलेलं बिजागर, स्क्रीनवरचे मेलेले पिक्सेल, फुगलेली बॅटरी हे त्यातलं. अर्धा तास गेम चालवल्यावर चिप तापून मशीन बंद पडणं मात्र वरवर पाहून कळत नाही. तिथे तुमची बाजू बळकट राहते.

बॅटरीचं वेगळं सांगतो. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता) असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा असेल तर ते वयाचं लक्षण आहे, ग्राहक आयोग एवढ्यावरून सहसा दोष मानणार नाही. पण बिलावर ‘बॅटरी ८० टक्के’ असेल आणि रिपोर्ट ५० दाखवत असेल, तर वर्णनाशी माल जुळला नाही, एवढं पुरे. बिलावर ओळ साधारण अशी हवी : ‘रिफर्बिश्ड लॅपटॉप, अमुक मॉडेल, अमुक सिरीयल नंबर, जीटीएक्स १०६० सहा जीबी, बॅटरी मूळ क्षमतेच्या अमुक टक्के, मदरबोर्ड दुरुस्त केलेला नाही, विक्रेत्याची वॉरंटी तीन महिने, बॅटरी व चार्जरसह.’ फोनवरच्या तीन महिन्यांना याशिवाय फारसा अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वॉरंटीत बसणार नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. जीटीएक्स १०६० लाही ती बनवणारी एनव्हिडिया कंपनी आता नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देत नाही, फक्त सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. विक्रेत्याने ‘विंडोज ११ सपोर्टेड’ असं लिहिलं असेल तरच याबद्दल तक्रार करता येईल. मला विचाराल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका.

खासगी माणसाकडून घेतलं तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता जवळपास बंद होतो, दिवाणी न्यायालय उरतं. त्याच्याकडचं मूळ बिल बघा आणि खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधल्या) नंबरशी ताडून पाहा. माल चोरीचा निघाला तर तुम्ही कितीही निर्दोष असलात तरी मालकी सहसा मिळत नाही. चोरीचा असावा असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एडिटिंगच्या कामामुळे तुमचं ‘ग्राहक’पण जाईल का, ही शंका येऊ शकते. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर कायद्याने व्यापारी हेतूत धरलेला नाही. बिल स्वतःच्या नावाने घ्या.

पार्सल उघडताना सिरीयल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, कारण आयोगापुढे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागू शकतं. बिघाड झाला तर आधी विक्रेत्याला ईमेल करा, मग १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे.